पार्ट्रिज अँड ऑरेंज: फ्लाय बांधण्याचा पहिला धडा

गळावर पिसे आणि दोरा बांधून केलेल्या कृत्रिम कीटकाला फ्लाय म्हणतात. अभिजात फ्लाय म्हटली की एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये सॅमन माशांसाठी बांधल्या गेलेल्या ‘जॉक स्कॉट’सारख्या रंगीबेरंगी फ्लाय डोळ्यांपुढे येतात. ‘जॉक स्कॉट’च्या दोन्ही बाजूंना बसवले जाणारे, मेणाचे थेंब सांडल्यासारखे चकचकीत पीस आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे असते आणि या पक्ष्याला भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. २००९मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांचे नमुने चोरीला गेले, तेही अशाच पिसांच्या हव्यासापायी. नवशिक्याने या वाटेला न जाता यॉर्कशरच्या वेगवान नद्यांवर ट्राउट माशांसाठी वापरली जाणारी ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ आधी बांधावी. ती अभिजात आहेच, शिवाय तिला एक गळ, एक दोरा आणि एकच पीस पुरते.

साहित्य थोडे आहे: १४ क्रमांकाचा गळ, तो पकडण्यासाठी छोटा वाइस, नारिंगी रेशमी दोरा, मधमाश्यांचे मेण, अणकुचीदार कात्री, चिमटा, सुई, ब्लेडचे पाते आणि वार्निश. मूळ फ्लायला युरोपातील पार्ट्रिज पक्ष्याच्या पाठीवरचे तपकिरी, ठिपकेदार पीस लागते. ते न मिळाल्यास गावठी कोंबडीचे त्याच छटेचे मऊ पीस चालते. सरावासाठी तर मी तेच सुचवीन.

गळाचा वाक वाइसमध्ये पकडून दांडा आडवा ठेवावा. दोऱ्यावरून मेण दोनदा फिरवावे, म्हणजे तो घसरत नाही. नेढ्यामागे सुमारे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून दोरा सुरू करावा आणि एकाला एक चिकटलेले, पण एकमेकांवर न चढणारे वेढे घेत गळाच्या टोकाच्या वरपर्यंत जावे. तेथून तसेच वेढे घेत परत यावे. झाले शरीर. नेढ्याजवळची जागा मात्र कोणत्याही मोहाने भरू नये, कारण पिसाला आणि शेवटच्या गाठीला तीच लागते.

खरे कौशल्य पिसाचे आहे. आधी बुडाकडची लव काढून टाकावी. मग शेंड्याचे थोडे तंतू चिमटीत धरून बाकीचे तंतू बुडाच्या दिशेने हलकेच मागे सारावेत, म्हणजे शेंडा वेगळा होतो. हाच शेंडा दोऱ्याने नेढ्यामागे बांधायचा असतो. तंतूंची लांबी गळाच्या वाकापर्यंत किंवा किंचित पुढे पोहोचेल इतकी असावी. आता पिसाचा दांडा चिमट्यात धरून दीड, फार तर दोन वेढे द्यावेत आणि प्रत्येक वेढ्याबरोबर तंतू बोटांनी मागे वळवावेत. पीस अजून शिल्लक दिसते म्हणून तिसरा वेढा घेणे ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक असते. दाट झालेले तंतू पाण्यात हलत नाहीत आणि या फ्लायची सारी करामत त्या हालचालीतच आहे.

पिसाचा दांडा दोऱ्याच्या तीन-चार वेढ्यांनी पक्का करून उरलेला भाग कापावा. शेवटची गाठ तिच्याच वेढ्यांखाली दोरा दाबून घेणारी असते; ती जमेपर्यंत एकामागून एक तीन साधे फास पुरतात. सुईच्या टोकाने वार्निशचा एक थेंब गाठीवर लावावा आणि नेढे बुजले असल्यास लगेच मोकळे करावे.

वार्निश वाळल्यावर फ्लाय पेल्यातील पाण्यात बुडवून ओढून पाहावी. रेशीम भिजून गडद होते, तंतू शरीराभोवती मिटतात आणि ओढ थांबताच पुन्हा फुलतात. तसे झाले नाही, तर पाते दोऱ्यावर उभे फिरवून सगळे उतरवावे आणि तोच गळ पुन्हा वाइसमध्ये लावावा.