जुनं सोल्डर निघत नसेल, तर आधी थोडं नवं लावा

पीसीबीवरचं (सर्किट बोर्डवरचं) जुनं सोल्डर, म्हणजे भाग जोडणारा मिश्रधातू, वितळत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं तापमान वाढवत बसू नका. त्यावर फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारा पदार्थ) आणि थोडं ताजं ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) लावा. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतं, हे ६३/३७ मात्र १८३ लाच. दोन्ही मिसळली की जोड लवकर पातळ होतो. मग त्यावर तांब्याची डीसोल्डरिंग विक (सोल्डर शोषणारी विणलेली पट्टी) ठेवून वरून आयर्नचं रुंद टोक नुसतं टेकवा, दाबू नका. सोल्डर शोषलं गेलं की विक आणि आयर्न एकदमच उचला. आयर्न आधी काढलं तर विक तिथेच चिकटते, आणि ओढली की पॅड (बोर्डवरचा जोडाखालचा तांब्याचा ठिपका) उखडतं. ते नंतर जोडणं फार त्रासाचं. ग्राउंडचे (तांब्याच्या मोठ्या भागाला जोडलेले) जोड उष्णता ओढून घेतात म्हणून चिवटच असतात, तिथे जाड टोक वापरा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.