कुरणाचा हिशेब कुठे चुकतो? चराई आणि पशुपालनातील या चुका टाळा

कुरणावर किती जनावरे पोसतील हे ठरवताना बहुतेक पशुपालक उभ्या गवताचा अंदाज घेतात आणि ते सगळेच जनावरांच्या पोटात जाईल असे धरून चालतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ३०० किलो वजनाच्या गाईला रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो सुका चारा लागतो. वर्षाला ही गरज २,७०० किलोंच्या वर जाते. हेक्टरी २,००० किलो सुके गवत देणाऱ्या कुरणात निम्मे गवत मुळांच्या वाढीसाठी आणि जमीन झाकलेली राहावी म्हणून सोडावे लागते, आणि उरलेल्या निम्म्यातलेही बरेचसे खुरांखाली तुडवले जाते, शेणमुताने खराब होते किंवा किडे फस्त करतात. प्रत्यक्ष पोटात चौथा हिस्साच गेला, तर एका गाईला दीड नव्हे, साडेपाच हेक्टर लागतात.

संख्या बरोबर असूनही वेळ चुकली की कुरण बिघडते. पहिल्या पावसानंतर फुटलेला कोंब ठोंबात साठवलेल्या अन्नावर वाढत असतो. त्याच आठवड्यात जनावरे सोडली, तर बहुवर्षायू गवताचे ठोंब विरळ होत जातात आणि त्यांची जागा तण व हंगामी गवत घेते. गवत साधारण १५ सेंटीमीटर होईपर्यंत थांबावे. कुरणाचे भाग पाडून फिरती चराई करणारेही अनेकदा दिनदर्शिका पाहून कळप हलवतात. पाहायचे असते ते गवत, कारण मंद वाढीच्या काळात त्याच भागाला अधिक विश्रांती लागते.

कोरड्या ऋतूत कुरणात गवत उभे असूनही जनावरे खंगू लागली, तर जंत असतील असे मानून लगेच औषध पाजण्याआधी शेण पाहावे. ते कोरडे, घट्ट आणि थरावर थर रचल्यासारखे पडत असेल, तर चाऱ्यात प्रथिने कमी आहेत. वाळलेल्या गवतातील प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातील सूक्ष्मजीव मंदावतात, चारा पचायला वेळ लागतो आणि जनावर खाणेच कमी करते. अशा वेळी आणखी गवत टाकून भागत नाही; थोडी पेंड किंवा द्विदल चारा द्यावा लागतो.

पाणवठ्याभोवतीची जमीन उघडी पडली आणि दूरचे गवत तसेच उभे असेल, तर मिठाची चाटण पाण्याजवळ न ठेवता त्या दूरच्या भागात ठेवावी, म्हणजे जनावरे तिकडे जाऊन चरतात.

अधिक दुधाच्या आशेने सरसकट संकर करणे कुरणावरच्या कळपाला क्वचितच मानवते, कारण दूर चालणे, ऊन आणि गोचीड सोसण्याची स्थानिक जनावरांची ताकद त्यात पातळ होते. मात्र स्थानिक वळू वापरतानाही त्याच्या कालवडी माजावर येण्याआधी तो बदलावा, नाहीतर बाप-लेकींतच पैदास होते.

पाऊस हुकला, तर कळप कमी करण्याचा निर्णय जनावरांच्या अंगावर मांस असतानाच घ्यावा: आधी भाकड आणि म्हातारी जनावरे, शेवटी पैदाशीच्या माद्या.