माईक लावण्याआधी: हॉल, सबवूफर आणि रिसीव्हरची तयारी

होम थिएटरच्या सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा जो रिसीव्हर, त्याच्या खोक्यातला छोटा माईक बाहेर काढण्याआधी निम्मं काम उरकलेलं असलं पाहिजे. सब, म्हणजे बास (खालचे, जड सूर) वाजवणारा सबवूफर, कुठे ठेवायचा आणि माणसं कुठे बसणार, हे आधी ठरतं. रूम करेक्शन, म्हणजे माईकने खोली मोजून रिसीव्हरने आवाज सुधारणं, त्यानंतर. बहुतेक घरांत हे उलट्या क्रमाने होतं आणि मग दोष सॉफ्टवेअरवर येतो. डेनॉन-मरान्ट्झमधलं ऑडिसी, यामाहाचं वायपीएओ, अँथमचं एआरसी, ओंक्योच्या वरच्या मॉडेल्समधलं डिराक लाइव्ह, यांपैकी कुठलंही रूम करेक्शन असलं तरी बासचा उंचवटा छाटता येतो, बासमधला खड्डा भरता येत नाही. भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला खोडून काढते तेव्हा खड्डा पडतो. तिथे आवाज वाढवला की परतणारी लाटही तेवढीच वाढते. अँप्लिफायर तापतो, खड्डा तसाच राहतो.

म्हणून खरेदीआधी मापपट्टी घ्या. हॉलची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहा आणि ५६५ ला प्रत्येक मापाने भागा. येणारे आकडे म्हणजे तुमची खोली कुठल्या हर्ट्झला घुमणार ते. आपल्याकडच्या फ्लॅटमधला नेहमीचा १० बाय १५ चा हॉल आणि साडेनऊ फुटांवर स्लॅब धरला तर लांबीचा आकडा ३८ च्या आसपास, रुंदीचा ५६, उंचीचा ५९ येतो. रुंदी आणि उंची जवळपास एकाच ठिकाणी घुमतात. ५५ ते ६० हर्ट्झमध्ये सगळं जड आणि चिकट ऐकू येतं ते यामुळे. विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती बास बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे हा त्रास जिप्समच्या पातळ भिंतींच्या घरांपेक्षा जास्त जाणवतो. हॉलला जोडून डायनिंग उघडं असेल तर हे गणित इतकं स्वच्छ राहत नाही, पण अंदाज येण्यापुरतं कामाचं आहे.

आता सोफा. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर त्या ३८ हर्ट्झचा खड्डा तुमच्या कानांवर येतो. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलात तर लांबीतले सगळे उंचवटे एकत्र ऐकू येतात. जागा कमी असते हे मान्य, तरीही सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणता आला तर जरूर आणा. एवढ्याने जो फरक पडतो तो पुढचं महागडं मॉडेल घेऊनही मिळेलच असं नाही. फरशीवर सोफ्यासमोर जाड गालिचा अंथरा आणि बाल्कनीच्या काचेवर भरघोस पडदा लावा. बासला त्यांचा उपयोग नाही, पण संवाद स्पष्ट होतात.

सबची जागा शोधायची जुनी पद्धत आजही खात्रीची आहे. सब सोफ्यावर, नेमक्या बसायच्या जागी ठेवा, बासची सलग चाल असलेलं एखादं गाणं लावा आणि जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐका. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाने येतो ती सबची जागा. सर्वांत मोठा दणका जिथे बसतो ती जागा निवडण्याचा मोह टाळा. ती बहुधा कोपऱ्यात असते. निवडलेल्या जागेजवळ प्लग पॉइंट आहे का आणि रिसीव्हरपासून तिथपर्यंत केबल दाराच्या वाटेत न येता जाईल का, हेही त्याच दिवशी पाहून घ्या.

एक की दोन? माझं मत ठाम आहे: बजेट एका मोठ्या सबचं असेल तर त्यात दोन मध्यम घ्या, शक्यतो एकाच मॉडेलचे. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये या विषयावर मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब फार चांगले ठरले होते. डाव्या आणि उजव्या भिंतीच्या मध्यावर दोन सब एकत्र वाजले की रुंदीचा पहिला घुमारा जवळजवळ नाहीसा होतो आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना सारखाच बास मिळतो. बंद दाराच्या लहान खोलीत सीलबंद पेटीचा सब बरा. त्याचा बास खाली हळूहळू उतरतो, सप्तकाला १२ डेसिबल, आणि लहान खोली स्वतःच खालच्या बासला उचलून धरते. डायनिंग-पॅसेज उघडे असतील तर पोर्ट (पेटीला हवेचं भोक) असलेला १२ इंची घ्या. तो जास्त हवा हलवतो, पण त्याच्या ठरलेल्या मर्यादेखाली आवाज दुप्पट वेगाने, सप्तकाला २४ डेसिबलने, कोसळतो.

रिसीव्हर घेताना मागची बाजू बघा. डेनॉनच्या एक्स१८००एच आणि एक्स२८००एच वर सबचे दोन आउटपुट दिसतात, पण दोन्हींतून एकच सिग्नल जातो. तिथे दोन्ही सब मुख्य जागेपासून सारख्या अंतरावर हवेत. एक्स३८००एच मध्ये चार स्वतंत्र आउटपुट आणि ऑडिसीची एक्सटी३२ ही वरची आवृत्ती आहे. त्यावर डिराकही चालतं, पण परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

मोजणीच्या दिवशी पंखा, एसी आणि जमलं तर फ्रिज बंद. सब ‘ऑटो’वर न ठेवता ‘ऑन’ करा, नाहीतर मंद आवाजाला तो जागाच होत नाही. त्याचा क्रॉसओव्हर (कुठल्या हर्ट्झखालचे सूर सबने वाजवायचे ती सीमा) शेवटपर्यंत फिरवा किंवा एलएफईवर (सबची स्वतःची सीमा बंद) ठेवा, फेज (सबच्या लाटेची वेळ मागेपुढे करणारं बटण) शून्य, आवाज निम्म्याच्या आसपास. सबची पातळी दाखवणारं पान आलं तर आकडा ७५ डेसिबलजवळ आणा. माईक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे. हातात धरू नका. पहिली जागा मुख्य माणसाची, कारण अंतर आणि पातळी तिच्यावरून ठरते. बाकीच्या जागा तिच्या आसपास, फार लांब नकोत. ऑडिसीत आठ जागा घेता येतात, त्या सगळ्या घ्या.

मोजणी झाल्यावर सबचं लेव्हल उणे १२ दाखवत असेल तर रिसीव्हरची हद्द संपली आहे. सबचा आवाज कमी करून पुन्हा मोजा. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त आलं तर दचकू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. स्पीकर ‘लार्ज’ (सगळा बास स्वतः वाजवणारे) आले असतील तर ‘स्मॉल’ (बास सबकडे सोपवणारे) करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. रिसीव्हरने १०० सुचवला असेल तर तो ८० वर आणू नका. १०० च्या खाली त्या स्पीकरला करेक्शन लागलेलं नसतं. ऑडिसीतली डायनॅमिक ईक्यू ही सोय आवाज कमी केल्यावर बास वर उचलते. रात्री खालच्या मजल्यावर तोच पोचतो, म्हणून टीव्ही आणि गाण्यांसाठी रेफरन्स ऑफसेट (ही उचल कमी करणारा आकडा) १० किंवा १५ ठेवा.

जमलं तर यूमिक-१ हा मोजणीचा माईक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरून एकदा स्वतः आलेख काढा. सेंटर (मधला स्पीकर) आणि सब एकत्र वाजवून ८० हर्ट्झच्या आजूबाजूला घसरण दिसली तर सबचं अंतर फूटभर कमी-जास्त करून पुन्हा मोजा, आणि रेषा सर्वांत सपाट येईल तो आकडा ठेवा.