क्लॅरिनेटवर जीभ फास्ट चालवायचीय? आधी फुंक सांभाळा

ठाण्यात आमच्या बँडमध्ये नवीन येणारी जवळपास सगळीच मुलं एकच चूक करतात, फास्ट वाजवायचं म्हटलं की प्रत्येक सुराला वेगळी फुंक मारतात आणि जीभ अख्खी मागे ओढतात, मग पाच मिनिटांत जबडा दुखायला लागतो. खरं तर फुंक एकसलग हवी, लांब सूर धरल्यासारखी, नळाची धार चालू ठेवून मधेच बोट लावल्यासारखं जिभेचं टोक रीडच्या (तोंडात धरतो त्या भागावरची वेताची पातळ पट्टी) टोकाला नुसतं टेकवायचं, "ती ती ती" म्हणतो तसं, आणि जीभ रीडपासून लांब न्यायची नाही, हनुवटी हलतेय का ते आरशात बघा.

सगळी भोकं उघडी ठेवून जो 'जी' (G) सूर वाजतो त्याच्यावरच सुरुवात करा, म्हणजे बोटांचं टेन्शन नाही. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्यात चार सूर, अगदी एकसारखे आले तरच ६४. घाई केलीत की जीभ कडक होते, मग स्पीड उलट कमीच होतो. रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज हवीत. आणि रीड सुरुवातीला दोन किंवा अडीच नंबरचीच घ्या, फार कडक नको.