डेंग्यू पेशीत शिरून काय करतो, ते एका पानावर कसं काढायचं

मायक्रो नाहीतर बायोटेकचा सेमिनार आला की आपली पोरं आधी व्हायरस काढतात, हा मोठा गोल, वर काटे, आणि मग पेशीला कागदावर जागाच उरत नाही. उलट करा. कागद आडवा धरा, कोपऱ्यात न्यूक्लियस, त्याला लागून ईआर (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, मेम्ब्रेनचं म्हणजे पातळ पडद्याचं जाळं, जिथे प्रोटीनं घडतात), आणि ईआर भरपूर ऐसपैस काढा कारण सगळा तमाशा तिथेच आहे. उदाहरण डेंग्यूचं घ्या, गोव्यात पावसाळ्यात तो कोणाला नवा नाही, शिवाय सत्तरी तालुक्यात गोचिडीतून होणारा माकडताप याच फ्लॅविव्हायरस घराण्यातला, तोंडी परीक्षेत कामाला येतं.

आता ईआरच्या रेषेवर एक लांब प्रोटीन ओवा. डेंग्यूचा आरएनए साधारण १०,७०० न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे आरएनएच्या अक्षरांचा), त्यातून एकच लांबलचक प्रोटीन बनतं आणि कापून १० तुकडे होतात. त्यातले एनएस४ए, एनएस४बी वगैरे ईआरचं मेम्ब्रेन वाकवतात आणि त्याची पिशवी होते, तिच्यात व्हायरस आपल्या आरएनएच्या प्रती काढतो. इथे बहुतेकांचं चित्र चुकतं, पिशवी ईआरच्या बाहेर फुगलेली दाखवतात. ती आत जाते हो, फुग्यात बोट खुपसल्यासारखी! पिशवी साधारण ९० नॅनोमीटरची, तोंड ११च्या आसपास, आणि ते तोंड सायटोप्लाझमकडे (ईआरबाहेरच्या पेशीद्रवाकडे) उघडं ठेवायचं, कारण कच्चा माल तिथूनच आत येतो आणि नवा आरएनए तिथूनच बाहेर पडतो. आत दुहेरी आरएनए काढा, पेशीच्या पहारेकऱ्यांपासून लपवलेला. जास्तीचं मेम्ब्रेन येतं कुठून? एनएस३ फॅटी अॅसिड सिंथेजला (चरबी बनवणारं पेशीचं एन्झाइम) तिथे ओढून आणतो, तो बाण विसरू नका.

स्ट्रेस, म्हणजे ईआरवर येणारा ताण, दुसऱ्या रंगाने. ईआरमध्ये नीट घडी न पडलेली प्रोटीनं साचली की बिप (घडी घालायला मदत करणारं प्रोटीन) त्यांच्यामागे लागतो आणि त्याने एरवी धरून ठेवलेले पर्क, आयआरई१, एटीएफ६ हे ताणाची खबर देणारे तिघे मोकळे सुटतात. पर्क ईआयएफ२अल्फाला (प्रोटीन बनवणं सुरू करून देणारा घटक) फॉस्फेट लावून प्रोटीन बनवणं मंदावतो (पीकेआर हा पेशीचा पहारेकरीही दुहेरी आरएनए दिसला की हेच करतो, सगळं श्रेय पर्कला देऊ नका), एटीएफ६ गॉल्जीत (ईआरनंतरचा प्रोटीनांचा टप्पा) जाऊन कापला जातो. आयआरई१ मात्र एक्सबीपी१ या पेशीच्याच जीनच्या आरएनएतून २६ न्यूक्लिओटाइड काढून टाकतो आणि मग पेशी चॅपरोन (घडी घालणारी मदतनीस प्रोटीनं) वाढवते, लिपिड म्हणजे चरबी वाढवते, ईआरच वाढवते. म्हणजे पेशी स्वतःला सावरायला जातेय आणि व्हायरसला आयतं जास्तीचं ईआर मिळतंय! म्हणून एक्सबीपी१पासून परत मेम्ब्रेनकडे एक जाड बाण काढा, माझ्या मते अख्ख्या पानात महत्त्वाचा तोच. पर्कच्या बाजूला चॉप (पेशीला मरणाकडे नेणारं प्रोटीन) आणि पेशीचा मृत्यू एवढं बारीक लिहिलं तरी पुरे, स्ट्रेस लांबला तर गाडी तिकडे जाते.

आणि नेटवरून कोरोनाचं चित्र उचलून डेंग्यूचं म्हणून चिकटवू नका, त्याच्या पिशवीला मेम्ब्रेनचे दोन थर असतात, मॅडमना लांबूनही कळतं.