घरबसल्या कामाचा शोध : अंबाजोगाईतला माझा अनुभव

अंबाजोगाईच्या बसस्थानकाबाहेरील विजेच्या खांबावर ‘घरबसल्या दरमहा १५ ते २५ हजार कमवा’ अशी चिठ्ठी मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा त्या रकमेची आमच्या घराला किती गरज होती हे सांगितल्याशिवाय माझी पुढची चूक कोणाला समजणार नाही. माझे पती एका कृषी सेवा केंद्रात नोकरीला आहेत. पाऊस लांबला की गावोगावची उधारी थकते, आणि उधारी थकली की दुकानातल्या माणसांचा पगारही थकतो. दोन मुलांच्या शाळेचा खर्च आणि सासूबाईंची गुडघ्याची औषधे मात्र पावसाची वाट पाहत नाहीत. लग्नापूर्वी मी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखनाच्या परीक्षा, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द गतीच्या, उत्तीर्ण झाले होते. ती प्रमाणपत्रे कपाटात पडून होती आणि चिठ्ठीवर ‘डेटा एंट्री’ असे लिहिलेले होते, त्यामुळे हे काम आपल्यासाठीच आहे अशी माझी समजूत झाली.

त्या चिठ्ठीवरील क्रमांकावर बोललेल्या बाईंचे बोलणे अतिशय अदबीचे होते. त्यांनी २,२०० रुपये नोंदणी शुल्क भरायला सांगितले, १०० रुपयांच्या मुद्रांकावरील कराराची प्रत मोबाइलवर पाठवली आणि आधार कार्डाचा फोटो व सही मागून घेतली. सात दिवसांत ६०० फॉर्म भरायचे आणि अचूकता ९० टक्क्यांच्या वर ठेवायची, अशी अट होती. फॉर्मच्या प्रतिमा इतक्या पुसट होत्या की इंग्रजी ‘एल’ कोणता आणि आकडा ‘एक’ कोणता हे भिंग घेऊनही ओळखता येत नव्हते. त्या पुसट कशा झाल्या असाव्यात हे आज मला समजते. तेव्हा मी माझ्या डोळ्यांनाच दोष देत होते. सातव्या दिवशी अचूकता ८३ टक्के भरल्याचा निरोप आला, आणि आठव्या दिवशी ‘वकील’ म्हणवणाऱ्या एका माणसाचा फोन आला की करारभंगापोटी ७,८०० रुपये आज संध्याकाळपर्यंत न भरल्यास परराज्यातील न्यायालयात खटला उभा राहील आणि पोलीस घरी येतील.

मी तीन रात्री झोपले नाही आणि घरात कोणाला बोललेही नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंना चाहूल लागली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “अगं, काम देणारे लोक पैसे द्यायलेत का घ्यायलेत?” शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने जे एका वाक्यात पकडले, ते पदवीधर असून माझ्या लक्षात आले नव्हते. गल्लीतील एका वकिलांनी बाकीचे समजावून सांगितले: करारभंग हा दिवाणी वादाचा विषय आहे, त्यासाठी कोणाला अटक होत नाही, आणि न्यायालयाचे समन्स अशा धमकीच्या फोनवरून येत नसते. उत्तर देऊ नका, पैसे भरू नका, सगळे संदेश मात्र जपून ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. फोन आणखी बारा-तेरा दिवस येत राहिले, मग बंद झाले. माझे २,२०० रुपये मात्र गेले ते गेलेच, कारण १९३० या सायबर मदतवाहिनीवर ताबडतोब तक्रार केली तर पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी थांबवता येण्याची शक्यता असते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

खरे काम मला ज्या ठिकाणी मिळाले, तिकडे मी त्यापूर्वी कधी त्या दृष्टीने पाहिलेच नव्हते. लातूर आमच्यापासून एसटीने दीड-एक तासावर आहे आणि तिथे नीट, जेईई व सीईटीच्या शिकवण्यांचे केवढे जाळे आहे हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. या शिकवण्यांना सराव परीक्षांसाठी सतत नव्या प्रश्नपत्रिका लागतात. शिक्षक प्रश्न हाताने लिहितात, त्याचे फोटो डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी पाने जुळवण्याचे काम, करणाऱ्याकडे जातात, आणि मार्च-एप्रिलमध्ये, बारावीची परीक्षा आटोपून नीटची घाई सुरू झाली की, डीटीपीवाल्याला एकट्याने हे ओझे पेलत नाही. मुलाच्या पुस्तकातील भौतिकशास्त्राची दोन पाने समीकरणांसह टाइप करून, त्यांची छापील प्रत पिशवीत घालून मी लातूरला गेले आणि एका दिवसात डीटीपीच्या अकरा दुकानांच्या पायऱ्या चढले. नऊ जणांनी नाही म्हटले, एकाने ‘नंतर बघू’ म्हटले आणि एकाने चार पाने नमुन्यासाठी दिली. त्याने माझ्याकडे शुल्क मागितले नाही, करार मागितला नाही, आधार कार्डही मागितले नाही. फक्त मंगळवारी सकाळपर्यंत फाइल पाहिजे, असे बजावले.

ती चार पाने करायला मला साडेतीन तास लागले आणि त्यातली दोन परत आली. द्रवाच्या दाबाच्या सूत्रात घनतेसाठी ‘रो’ हे ग्रीक अक्षर असते आणि दाबासाठी इंग्रजी ‘पी’. सरांच्या हस्ताक्षरात दोन्ही हुबेहूब सारखी दिसत होती, आणि सहा प्रश्नांत मी ‘रो’च्या जागी ‘पी’ टाकून बसले होते. विद्यार्थ्याच्या हातात असा पेपर गेला असता तर उत्तर निघालेच नसते. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली: सूत्र नुसते उतरवून न घेता पुस्तकात उघडून पाहायचे, आणि शंका राहिली तर फोटोवर गोल करून परत पाठवायचा. नवीन येणाऱ्यांना वाटते की प्रश्न विचारल्याने आपले अज्ञान उघडे पडेल. माझा अनुभव असा की न विचारता चुकणाऱ्याचेच काम बंद होते.

समीकरणांच्या पानाला मला ३० रुपये मिळत. सुरुवातीला एका पानाला ५० मिनिटे लागत, म्हणजे तासाचे ३६ रुपये सुटत. ते पाहून पतींनी ‘यापेक्षा खुरपायला गेलीस तर बरे’ असा शेरा मारला होता. चार-पाच महिन्यांत तेच पान २० मिनिटांत होऊ लागले आणि तासाचे ९० रुपये पडू लागले. पहिल्या तीन महिन्यांची एकूण कमाई ३,४०० रुपये होती. आता सराव परीक्षांच्या हंगामात ती महिन्याला आठ-नऊ हजारांपर्यंत जाते आणि नीट आटोपल्यावर जेमतेम दोन हजारांवर येते. खांबावरच्या चिठ्ठीतील आकडा चार वर्षांत मला एकाही महिन्यात दिसलेला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. खर्चाची बाजूही सांगायला हवी. हे काम मोबाइलवर होत नाही. संभाजीनगरहून १४ हजारांना जुना लॅपटॉप आणला, आणि भारनियमनात काम अडू नये म्हणून तीन तास चालणारी बॅटरी पाहूनच घेतला.

दुसरे काम भाषेचे आहे आणि मला त्याची गोडी अधिक आहे. पुण्याच्या एका भाषांतर संस्थेने माझ्याकडून ३०० शब्दांची चाचणी विनामूल्य करून घेतली. एवढी चाचणी रास्त आहे. परंतु कोणी ‘नमुना’ म्हणून वीस पाने मागत असेल, तर तो फुकटात कामच करून घेत आहे असे समजावे. काम स्वीकारण्यापूर्वी फॉन्ट विचारून घ्यावा, कारण श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडच्या फाइलमध्ये नेला की त्याची अक्षरशः रांगोळी होते, आणि मग सगळे पुन्हा टाइप करण्याचे पैसे कोणी देत नाही. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढण्याचे काम सोपे वाटते. तासाभराच्या मुलाखतीला मला आजही पाच तास लागतात, त्यामुळे दर ठरवताना आपले तास मोजावेत, ध्वनिफितीचे नव्हे. या कामात आपल्या भागाची बोली हे भांडवल ठरते. शेतकऱ्यांच्या मुलाखतींचा एक संच माझ्याकडे दुरुस्तीसाठी आला होता, त्यात ‘सोयाबीन मोंढ्यात नेलं’, म्हणजे धान्यबाजारात नेलं, हे वाक्य आधीच्या कोणीतरी ‘सोयाबीन मेंढ्यात नेलं’ असे लिहून ठेवले होते. तो संच पूर्ण तपासायला मलाच मिळाला, आणि त्यानंतर ‘करायलो’, ‘जायलेत’ असे बोलणाऱ्यांच्या सगळ्या मुलाखती त्या संस्थेकडून माझ्याकडेच येऊ लागल्या.

अशा संस्थांचे पैसे लगेच येत नाहीत, हे आधीच धरून चालावे. माझे पहिले बिल ५२ दिवसांनी मिळाले, आणि तेही १० टक्के कर कापून. कापलेला कर बुडाला असे समजून मी वर्षभर हळहळत होते. नंतर कळले की तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो, आयकर खात्याच्या २६-एएस या विवरणात दिसतो, आणि एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. उद्यम नोंदणीही मी केली आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातलेले आहे, आणि बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून माझे पैसे थोडे वेळेवर येतात. ही नोंदणी शासनाच्या पोर्टलवर पूर्णपणे विनामूल्य होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळे खासगी असतात.

अनोळखी कंपनीची पारख कशी करावी, हे मला सर्वाधिक विचारले जाते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावावरून तिची स्थापनेची तारीख आणि तिची सद्यःस्थिती पाहता येते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७; तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदलेले नाव दिसते. परंतु एवढ्यावर विसंबू नये, कारण ठग लोक खऱ्या कंपनीचे नाव आणि क्रमांक बेधडक वापरतात. म्हणून मी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील क्रमांक शोधून तिथे फोन करते आणि अशी भरती आहे का, हे विचारते. आधार द्यावेच लागले तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी प्रत देते. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

आमच्या शेजारच्या एका मुलीची गोष्ट माझ्यापेक्षा वाईट झाली. व्हिडिओला लाइक करण्याचे १५० रुपये तिला सलग तीन वेळा खरोखर मिळाले. मग १,००० भरून १,३०० मिळाले, आणि मग रकमा वाढत जाऊन ३८ हजार अडकले. ते सोडवण्यासाठी आणखी ‘कर’ भरा, असे सांगण्यात आले, तेव्हा ती रडत आमच्याकडे आली. त्याच रात्री १९३० वर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली; त्यातले नऊ हजार बँकेत गोठवले गेले, बाकीचे तोपर्यंत पुढे सरकले होते. अशाच मंडळींचा दुसरा प्रकार म्हणजे ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा’. ते नोकरीचे नाव दिलेले चोरीच्या पैशाचे वहन आहे. त्यात आपले खाते गोठते आणि चौकशी आपल्यामागे लागते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, एवढे जरी लक्षात राहिले तरी बरेच टळते.

गेल्या महिन्यात केजहून एका मुलीचा फोन आला. “ताई, पेन्सिल पॅकिंगचं काम मिळायलंय, १,५०० भरू का?” असे ती विचारत होती. मी तिला तिच्या आवडीच्या विषयाचे एक पान युनिकोडमध्ये टाइप करून पाठवायला सांगितले. तिने इतिहासाचे पान पाठवले, त्यात अकरा चुका होत्या, त्यांपैकी सात ऱ्हस्व-दीर्घाच्या. लाल खुणा करून ते परत पाठवले, तेव्हा दोन दिवस तिच्याकडून काहीच आले नाही, आणि ती पेन्सिलवाल्याकडेच गेली असावी असे मी धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता तेच पान दुरुस्त होऊन आले, एक चूक शिल्लक होती. लातूरच्या त्या डीटीपीवाल्याने येत्या सोमवारी तिला मराठी माध्यमाची चार पाने द्यायचे कबूल केले आहे, पानाला २० रुपये दराने.