नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या अभ्यासात या चुका टाळा

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एका मुलीने मनगटाची आठही हाडं एका दमात म्हणून दाखवली. क्रमसुद्धा चुकला नाही. मी माझा हात टेबलावर पुढे केला आणि म्हटलं, "यातल्या स्कॅफॉइडवर बोट ठेव." ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हे तर पाठच नव्हतं केलं."

मी तिला अंगठा मागे ताणायला लावला. असा ताणला की अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्या वर येतात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात दाबलं की खाली जे कडक लागतं ते स्कॅफॉइड. हातावर पडलेल्या माणसाला तिथे दाबून कळ आली, तर ते हाड मोडलं असण्याची शंका घ्यायची. हे कळायला एक मिनिटही लागलं नाही, आणि आता ती ते विसरणार नाही.

बीएस्सी नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात ॲनाटॉमीला (शरीराची रचना) ६० तास आणि फिजिऑलॉजीला (शरीराचं काम) ६० तास आहेत, तेही पहिल्याच सेमिस्टरमध्ये. नागपुरात शिकायला येणाऱ्या माझ्या पुष्कळ मुली भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडून, मराठी शाळेतून येतात. घर पहिल्यांदा सुटलेलं, होस्टेलचं जेवण अंगी लागत नाही आणि त्यात हे जाडजूड इंग्रजी पुस्तक. मग घोकंपट्टी सुरू होते. त्यात त्यांचा आळस मुळीच नाही, रात्री दोनपर्यंत जागतात बिचाऱ्या. पण मेहनत चुकीच्या जागी जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वतःच्या अंगाला हात न लावता वाचणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. जे हाड, जी नाडी, जो स्नायू वाचाल तो आधी स्वतःवर आणि मग रूममेटवर शोधा. बरगड्यांचं पान उघडलं की गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवा. दोनेक इंचांवर आडवा उंचवटा लागेल. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची, बरगड्यांमधली जागा ती दुसरी. तिथून एकेक मोजत पाचव्या जागेत उतरा आणि डाव्या कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली रेघ सोडल्याची कल्पना करा. जिथे दोन्ही मिळतात तिथे तळहात ठेवा. थोडं डाव्या कुशीवर वळलात तर हृदयाचा ठोका हाताला लागतो.

ही जागा मला पुस्तकाने शिकवली नाही. माझ्या पहिल्याच पोस्टिंगला वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लाव आणि पूर्ण एक मिनिट मोज." मी रुग्णासमोर उभी होते. मी माझ्या डाव्या बाजूला, म्हणजे त्याच्या उजव्या छातीवर लावला. काहीच नीट ऐकू येईना. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी माझं बोट धरून गळ्यापासून पाचव्या जागेपर्यंत नेलं. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगते: डावं-उजवं नेहमी रुग्णाचं. पुस्तकातल्या चित्रात हृदयाचा डावा कप्पा तुमच्या उजव्या हाताला असतो, कारण चित्रातला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. आकृतीचं लेबलिंग उलटं होतं ते इथेच.

शाळेतलं "शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त"

धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त, हे वाक्य डोक्यातून काढून टाका. हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर, एवढीच व्याख्या धरा. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत कमी ऑक्सिजनचं रक्त असतं आणि तिथून परतणाऱ्या शिरांमध्ये भरपूर ऑक्सिजनचं. जुनं वाक्य धरून बसलात तर इथे सगळा गोंधळ होतो.

हा गोंधळ सुटावा म्हणून मी एक व्यायाम देते. रुग्णाच्या डाव्या हातावरच्या शिरेतून लॅसिक्सचं, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. ते किडनीपर्यंत कसं पोचलं ते लिहा. हाताची शीर, काखेतली शीर, सबक्लेव्हियन, ब्रॅकिओसेफॅलिक, मग सुपिरिअर व्हेना केव्हा (वरची महाशीर), हृदयाचा उजवा वरचा कप्पा, ट्रायकस्पिड झडप, उजवा खालचा कप्पा, फुप्फुसाची धमनी, फुप्फुस, फुप्फुसाच्या शिरा, डावा वरचा कप्पा, मायट्रल झडप, डावा खालचा कप्पा, महाधमनी, आणि शेवटी किडनीची धमनी. पहिल्यांदा लिहिताना निम्म्या मुली फुप्फुस विसरतात आणि उजवीकडून थेट डावीकडे उडी मारतात. मी त्यांना मेट्रो आठवायला सांगते. ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जायचं तर सीताबर्डीला उतरावंच लागतं. तसं उजव्या बाजूच्या रक्ताला डावीकडे यायचं तर फुप्फुसाला जाऊन यावंच लागतं, दुसरा रस्ता नाही.

हे जमलं की पुढचा प्रश्न: तेच औषध गोळीने दिलं तर? आता आतड्यातून पोर्टल शिरेने आधी यकृत, मग इन्फिरिअर व्हेना केव्हा (खालची महाशीर). काही औषधांची गोळी इंजेक्शनपेक्षा जास्त ताकदीची का द्यावी लागते, ते इथे उलगडतं. अशा औषधांचा बराचसा भाग यकृतच वाटेत मोडून टाकतं.

दोन विषय, दोन वह्या

ॲनाटॉमीची वही वेगळी, फिजिऑलॉजीची वेगळी, आणि दोघींची कधी गाठच पडत नाही. असं करू नका. उजवा ब्रॉन्कस (श्वासनलिकेची फुप्फुसात जाणारी फांदी) डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा असतो, ही ॲनाटॉमी. म्हणून लहान मुलाने शेंगदाणा गिळताना तो श्वासनलिकेत गेला की बहुधा उजवीकडे अडकतो, हे त्याचं फळ. स्त्रीचा मूत्रमार्ग (युरेथ्रा) साधारण ४ सेंटिमीटर, पुरुषाचा १८ ते २० सेंटिमीटर. कॅथेटर (लघवी काढायची नळी) किती आत घालायचा आणि बायकांना लघवीचा संसर्ग वारंवार का होतो, दोन्ही उत्तरं या एका मापात आहेत. एकाच पानावर डावीकडे रचना, उजवीकडे काम आणि खाली वॉर्डात त्याचा उपयोग, असं लिहा.

आकड्यांचंही तसंच. किडनीचं मिनिटाला १२५ मिली गाळणं, हे नुसतं पाठ करू नका, कागद घेऊन गुणा. दिवसाला १८० लिटर होतात. लघवी होते जेमतेम दीड लिटर. म्हणजे गाळलेल्यापैकी जवळजवळ सगळं किडनी परत घेते. हे एकदा स्वतः गुणून पाहिलं की युरोबॅगमध्ये (लघवी जमा होणाऱ्या पिशवीत) ताशी ३० मिलीपेक्षा कमी लघवी दिसली तर लगेच का कळवायचं, ते कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

सारखी नावं, उलटे हार्मोन

युरेटर किडनीतून मूत्राशयाकडे, युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर. इलियम तर मराठीत लिहिलं की दोन्ही सारखंच दिसतं. इंग्रजीत कमरेच्या हाडाच्या नावात मध्ये आय आहे आणि आतड्याच्या नावात ई. अशा जोड्यांचं एक पान करून पलंगाशेजारी चिकटवा, बस.

टीएसएचला मात्र वेळ द्या. "टीएसएच वाढलं म्हणजे हायपरथायरॉइड" (थायरॉइड जास्त काम करतेय) असं दरवर्षी कुणीतरी लिहितंच. टीएसएच थायरॉइडचा हार्मोन नाही. मेंदूखालच्या पिट्युटरीने थायरॉइडला दिलेला तो हुकूम आहे. थायरॉइड काम करेनाशी झाली की हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच जास्त आणि थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन टी-फोर कमी, तर हायपोथायरॉइड.

आजूबाजूचं शरीर न बघणं

होमिओस्टॅसिसची, म्हणजे शरीराचा आतला तोल राखण्याची, व्याख्या सगळ्यांना येते, उदाहरण कुणाला सुचत नाही. नागपुरात राहून? मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा आपला कूलर खोली झकास गार करतो. जुलैत पाऊस लागला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. कारण हवेत आधीच ओल असली की पाणी उडत नाही, आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा नाही. घामाचंही हेच शास्त्र. आता पुढे न्या: घामाने पाणी गेलं, शरीरात पाणी धरून ठेवणारं एडीएच हार्मोन वाढलं, लघवी कमी आणि गडद झाली. याच्याही पलीकडे तोल गेला, शरीराचं तापमान ४० अंशांवर चढलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, की तो उष्माघात. उन्हाळ्यात मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी कोल्ड वॉर्ड लागतो. तिथे पोस्टिंग लागली तर या धड्याची उजळणी तिथेच करा.

सिकलसेलही आपल्याच भागातला आजार. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, हे वाक्य सगळ्यांच्या वहीत असतं. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच मरते. अस्थिमज्जा कितीही राबली तरी भर पुरत नाही, म्हणून रक्त सतत कमी. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं आणि सांधे ठणकतात. पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली शाळकरी पोर एकदा पाहिली, की रक्ताचा धडा नुसता धडा राहत नाही.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि काहीच लक्षात राहत नाही, तर

आधी पुस्तक बंद करा. रोज शरीरातली एक संस्था घ्या, कोऱ्या कागदावर न बघता आकृती काढा आणि मग पुस्तकाशी ताडून चुका लाल पेनने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आकृती पुन्हा. लाल खुणा कमी झाल्या तर पुढे जा, नाहीतर तिथेच थांबा. समजून घेताना मराठीतच समजून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. रूममेटला मराठीत सांगता आलं की मग तेच चार सोप्या इंग्रजी वाक्यांत लिहा. संध्याकाळी मैत्रिणीची नाडी धरा, तिला जिना दोनदा चढून यायला सांगा, पुन्हा मोजा, आणि ठोके का वाढले ते तिलाच विचारा. ती अडली तर दोघींनी मिळून ते पान उघडा.